नाल्यातले झिंगे कोणी तपासले?

(शेतमजूर स्त्रियांच्या शिबिरात केलेले भाषण)



गेल्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी मी बीटी कपाशीवर बोलत होते. बियाण्याचा भाव, बोंडअळी, सगळे सांगून झाले. तेव्हा मागे बसलेल्या एका मावशींनी विचारले, "ताई, वावरातलं पानी नाल्यात येते. नाल्यातले झिंगे आमचे लेकरं खातात. ते कोनं तपासले काय?" एम.एस.डब्ल्यू. होऊन बारा वर्षे झाली, पण मला उत्तर देता आले नाही. म्हणून थोडे वाचून आले आहे.

तपासणी होतच नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. बीटी वांग्याच्या वेळी मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत सायप्रिनस माशांना हे वांगे खाद्यातून देऊन पाहिले. वाढीत फरक नाही, असा अहवाल आला. तो मी नाकारत नाही. बीटीचे विष पतंगवर्गातल्या अळ्यांच्या आतड्यावर काम करते, माशावर नाही. पण त्या चाचणीचा प्रश्न होता : टाकीतल्या माशाला हे खाद्य चालेल का? नाल्याविषयी तो प्रश्नच नव्हता.

झिंग्यांच्या गणगोतातला डॅफ्निया नावाचा पिसवाएवढा जीव अशा चाचण्यांत वापरतात. नेहमीची चाचणी ४८ तासांची. आपल्या नाल्यात मात्र पऱ्हाटीची पाने, फुले, पावसाने वाहिलेला पालापाचोळा महिनोन्‌महिने कुजत पडतो.

अमेरिकेत बीटी मका १९९६ पासून शेतात आला. त्याचा पाला ओढ्यांत जातो, हे इंडियाना राज्यातल्या ओढ्यांवरच्या अभ्यासातून २००७ साली छापून आले. म्हणजे अकरा वर्षांनी! ओढ्याच्या तळाशी काड्या-खड्यांचे घर करून राहणारी कॅडिस माशीची अळी ही पतंगांची जवळची नातेवाईक. प्रयोगशाळेत बीटी मक्याच्या पाल्यावर तिची वाढ कमी झाली. दुसऱ्या शास्त्रज्ञांनी या अभ्यासावर जोरदार आक्षेप घेतले; प्रत्यक्ष ओढ्यात तसेच घडते हे त्यातून सिद्ध होत नाही, असे ते म्हणाले. वाद असू दे. पण ही अळी मासे खातात, आणि पीक येण्याआधी तिच्याकडे कोणी पाहिले नव्हते, एवढे तर खरे?

आपल्याकडे बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. चाचण्यांचा खर्च अर्जदार कंपनी करते, माहितीही तीच सादर करते. बीटी वांग्याची कागदपत्रे २००८ मध्ये खुली झाली, तीही माहिती अधिकार आणि न्यायालयापर्यंत भांडल्यावर. ९ फेब्रुवारी २०१० ला वांग्याला स्थगिती मिळाली. त्याआधीच्या जनसुनावण्यांपैकी एक नागपूरला झाली. मी तेव्हा कॉलेजात होते, गेले नाही. तुमच्यापैकी किती जणी गेल्या होत्या?

आणखी एक. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात तणनाशक सहन करणारे, परवानगी नसलेले कपाशीचे बियाणे जाहीरपणे पेरले गेले. तण फवारणीने मेले की निंदणाची मजुरी जाते, ती आपली. फवारणीचे पंप धुतात नाल्यावर. ग्लायफोसेटच्या काही औषधांत मिसळलेला साबणासारखा पदार्थ बेडकांच्या पिलांना मारतो, हे माहीत झालेले आहे. नुसते पीक तपासून हे कळणार कसे?

त्या गावच्या बायकांनी आता वही घातली आहे. कोणत्या नक्षत्रात नाल्याला काय सापडले, वरच्या वावरात काय पेरले, कधी फवारले. लिहिते सातवीतली एक मुलगी, सांगतात मावशी. ग्रामसभेत ती वही ठेवायची आहे. पहिल्या पानावर झिंग्यांची चार नावे आहेत. मला त्यातले एकही माहीत नव्हते.