दाणे तैलग्रंथींचे, संशय चारित्र्याचा

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या आरोग्य शिबिरात केलेले भाषण)



विषय ऐकून काहीजणी हसल्या. मारहाण, पोटगी, रेशन हे आपले प्रश्न, त्यात तैलग्रंथी कुठून आल्या? हा विषय मी पुस्तकातून काढलेला नाही. आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बायकांनीच तो आणून दिला.

आधी शरीर समजून घेऊ. तळहात आणि तळपाय सोडले तर आपल्या जवळजवळ सगळ्या त्वचेत तैलग्रंथी असतात. बहुतेक ग्रंथी केसाच्या मुळाशी असतात आणि त्यांतलं तेल केसाच्या छिद्रातून बाहेर येतं. काही ग्रंथी मात्र केस नसलेल्या जागी असतात : ओठांच्या कडेला, गालाच्या आतल्या बाजूला, बाईच्या योनीच्या आतल्या ओठांवर, पुरुषाच्या लिंगावर. तिथली त्वचा पातळ, म्हणून त्या दिसतात. रव्याच्या कणासारखे पिवळसर-पांढरे दाणे, एक ते तीन मिलिमीटरचे, बहुधा पुंजक्याने. त्वचा ताणली की जास्त उठून दिसतात. दुखत नाहीत, वाहत नाहीत. फोर्डाइस नावाच्या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने १८९६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टर त्यांना 'फोर्डाइस स्पॉट्स' म्हणतात. ग्रंथी जन्मापासून असतात, पण वयात येताना हार्मोन्समुळे मोठ्या होऊन दिसू लागतात. बहुसंख्य मोठ्या माणसांत, बायकांत आणि पुरुषांत, त्या सापडतात. हा रोग नाही. संबंधातून, स्पर्शातून, उष्ट्यातून तो कोणाला लागत नाही.

आता या रव्याच्या कणापायी काय घडतं ते ऐका. दोन मुलांची आई असलेली एक बाई आमच्याकडे आली. नवऱ्याला तिच्या अंगावर हे दाणे दिसले. "कुठून आणलंस हे?" एवढाच त्याचा प्रश्न. एका खाजगी डॉक्टरने न तपासताच गुप्तरोगाची इंजेक्शनं सुरू केली. मग काय, इंजेक्शनं हाच पुरावा झाला! सासूने तिची ताटवाटी वेगळी केली आणि पंधरा दिवसांत तिला माहेरी धाडलं. पुढे त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी नीट पाहिलं आणि हे फोर्डाइसचे दाणे आहेत, औषधाची गरज नाही, असं सांगितलं. नवरा समेटाच्या बैठकीला आला तेव्हा त्याच्याच वरच्या ओठावर तसेच दाणे स्पष्ट दिसत होते. ते कुठून आणलेस, असं त्याला कोणीही विचारलेलं नव्हतं.

पण इथे आपण सावध राहायला हवं. दाणे निरुपद्रवी निघाले म्हणून ती बाई 'चांगली' ठरली, असं आपण म्हणायचं का? मग उद्या एखादीला खरोखरच गुप्तरोग निघाला तर तिला आपण कुठे उभं करणार? कितीतरी बायकांना हा आजार नवऱ्याकडूनच येतो. कुठूनही आला तरी तो आजार आहे आणि उपचार हा तिचा हक्क आहे. शरीरावरचा कुठलाच डाग चारित्र्याचा दाखला नसतो. आपली बाजू ही असली पाहिजे.

म्हणून कार्यकर्तीने निदान करू नये. तिने बाईला योग्य ठिकाणी तपासणीला न्यावं. पाण्याने भरलेले, आग होणारे फोड, न दुखणारी जखम, खरखरीत वाढत जाणारे कोंब, दुर्गंधीचा स्राव, यांपैकी काही असेल तर उशीर नको. जिल्हा रुग्णालयाच्या त्वचा व गुप्तरोग विभागात दाखवावं. गुप्तरोग निघाला तर नवरा-बायको दोघांचाही उपचार झाला पाहिजे, एकटीचा होऊन भागत नाही. एच.आय.व्ही.ची चाचणी बाईच्या संमतीशिवाय करता येत नाही, हे २०१७ च्या कायद्यात आहे. आणि चारित्र्यावर आरोप करून छळणं ही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार भावनिक हिंसा आहे. त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं.

आता चेहऱ्याकडे येऊ. चाळिशीनंतर कपाळावर, नाकावर, गालांवर काहीजणींना मऊ, पिवळसर पुटकुळ्या दिसतात. मध्यभागी बारीक खळगा असतो. याही वाढलेल्या तैलग्रंथीच. वयानुसार हार्मोन्स बदलतात, ग्रंथीतल्या पेशी गळून नव्या येण्याचा वेग मंदावतो आणि ग्रंथी फुगते. मूत्रपिंड बदलल्यावर सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांतही त्या जास्त दिसतात. चेहरा अस्वच्छ ठेवल्याने किंवा तेलकट खाल्ल्याने त्या होत नाहीत. घासून, पिळून जात नाहीत, उलट डाग पडतात.

उपचार करायलाच हवा असं नाही. नकोशा वाटल्या तर विजेने जाळणं, अतिथंड द्रवाने गोठवणं, लेसर हे उपाय आहेत. पण आपल्या सावळ्या त्वचेवर काळे डाग राहू शकतात आणि पुटकुळ्या पुन्हा येऊ शकतात. हे पैसे भरण्याआधी विचारा. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी त्या कमी होतात, बंद केल्यावर परततात. या गोळ्यांमुळे गर्भात गंभीर व्यंग येऊ शकतं, म्हणून दिवस राहण्याची शक्यता असताना त्या घेऊ नयेत. दुकानदाराने दिलेली 'गोरं करणारी' स्टिरॉइडची मलमंही नकोत. त्यांनी त्वचा पातळ होते, चेहऱ्यावर लव वाढते. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती सर्रास मिळतात.

एक खूण मात्र लक्षात ठेवा. एकच गाठ वाढत असेल, चमकत असेल, रक्त येत असेल किंवा जखम भरत नसेल, तर ती डॉक्टरांना दाखवाच. त्वचेचा एक कर्करोग सुरुवातीला असाच दिसतो.

ओठावरच्या दाण्याबद्दल आपण बोलू शकतो, पण तोच दाणा मांड्यांमध्ये असला की तोंड मिटतं. या मिटलेल्या तोंडावरच संशय पोसला जातो. दुपारच्या सत्रात डॉक्टरबाई चित्रं दाखवणार आहेत. प्रश्न चिठ्ठीवर लिहून दाराजवळच्या डब्यात टाका, नाव घालू नका. आणि गावी गेल्यावर असाच एक डबा तुमच्या मंडळातही ठेवा.