शिबिरातील विजेचा हिशेब

(मंडळाच्या सर्वसाधारण सभेत कार्यकारिणीच्या वतीने केलेले भाषण)



नर्मदेच्या काठी दर हिवाळ्यात भरणारे आपले तीन दिवसांचे कौटुंबिक शिबिर आपणां सर्वांच्या जिव्हाळ्याचे आहे. तेथे विजेची तार नाही. म्हणून भाड्याचा पेट्रोल जनरेटर येतो. गेल्या वर्षी आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी शिबिरास येण्याचे टाळले. झोपेत श्वास अडखळू नये म्हणून त्यांना रात्रभर एक लहानसे यंत्र लावावे लागते. 'माझ्यापायी सर्वांच्या उशाशी घरघर नको,' हे त्यांचे शब्द आम्हांला फार लागले. सौर संच घ्यावा, ही सूचना तेव्हाच पुढे आली.

अमेरिकेतील आपली मुले मोटारघरांतून भटकंतीस जातात, तेव्हा त्यांच्यातही हाच वाद रंगतो म्हणे. तेथील अनेक राष्ट्रीय उद्यानांत तर जनरेटरच्या वेळा नेमून दिलेल्या असतात.

आता आकडे पाहू. 9 वॉटचे 20 दिवे सायंकाळी 5 तास, त्यात ध्वनिक्षेपक आणि सर्वांचे मोबाइल (ते कसे वगळणार?) धरून पावणेदोन युनिट वीज लागते. जनरेटर भार हलका असला तरी ताशी अर्धा लिटर पेट्रोल पितोच. लिटरला 100 रुपये धरले, तर 5 तासांचे 250 झाले. म्हणजे युनिटमागे दीडशेच्या आसपास. खरी उधळपट्टी पुढेच आहे. ते श्वासाचे यंत्र अवघे 40 वॉटचे. त्यासाठी 8 तास जनरेटर चालवायचा, तर 400 रुपयांचे पेट्रोल जाळून हाती येते एक तृतीयांश युनिट! युनिटमागे बाराशे रुपये पडले.

मग सौर संच स्वस्त का? तर तेही नाही. 600 वॉटची पॅनेल आणि लिथियम बॅटरी मिळून सुमारे 60,000 रुपये आम्ही धरले आहेत. रोज साधारण दोन युनिट मिळतील. अर्थात पॅनेल उन्हात ठेवली तर. आपण मात्र तंबू ठोकतो आंब्याच्या सावलीत! संच दहा वर्षे टिकला आणि केवळ शिबिरातच वापरला, तर वर्षाचे सहा हजार रुपये सहा युनिटांवर पडतात, म्हणजे युनिटला हजार. तोच संच एरवी आपल्या सभागृहाच्या गच्चीवर वर्षाचे 300 दिवस राबला, तर युनिट दहा रुपयांना पडते. सूर्य तोच, पॅनेल तीच. फरक काय तो संच किती दिवस कामास लागतो एवढाच.

गच्चीची डागडुजी व्हावयाची आहे. तोवर पॅनेल घेऊ नयेत, असे आमचे मत आहे. मात्र 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची एक लिथियम बॅटरी इन्व्हर्टरसह यंदाच घ्यावी. तीत सव्वा युनिट मावते. घरून भरून नेली की श्वासाचे यंत्र तिन्ही रात्री चालेल. शिवाय सायंकाळी जनरेटर चालू असतानाच ती पुन्हा भरून घेता येईल. इंजिनावर भार वाढला की तेच पेट्रोल अधिक वीज देते.

जनरेटर रात्री दहाला बंद होईल. तो तंबूंपासून दूर, वारा तंबूंकडून त्याच्याकडे वाहत असेल अशा बाजूस ठेवावा लागेल. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. ही जबाबदारी तरुण सभासदांपैकी दोघांनी घ्यावी. नावे आजच द्यावीत, ही विनंती.