सरासरीआड दडलेली मुले

(येथील वाचनालयाच्या व्याख्यानमालेत शिक्षक व पालक यांच्यापुढे आम्ही केलेल्या भाषणाचा हा मजकूर. त्या दिवशी जे येऊ शकले नाहीत, त्यांच्यासाठी तो आज ह्या जागी देत आहोत.)



शाळांचे निकाल लागले की गावात एकच आकडा फिरू लागतो. अमुक शाळेचा निकाल इतके टक्के, तमुक शाळेचा तितके टक्के. दारावर फलक लागतो, पेढे वाटले जातात, आणि पुढच्या जूनपर्यंत सारे शांत होते. आज आम्ही त्या एका आकड्याविरुद्ध फिर्याद घेऊन आपणांपुढे उभे आहोत.

समजा, एका शाळेत १०० मुले आहेत. त्यांपैकी ८० मुलांना सरासरी ७० गुण पडले आणि उरलेल्या २० मुलांना सरासरी ३०. साऱ्या शाळेची सरासरी निघते ६२. हा आकडा ऐकून मुख्याध्यापक संतुष्ट, संस्थाचालक संतुष्ट आणि तपासनीसही संतुष्ट! पण ती २० मुले कोठे गेली? ती सरासरीच्या पोटात गडप झाली. ती कोणाची आहेत हे विचारा, म्हणजे उत्तर बहुधा एकच मिळेल. ती मोलमजुरी करणाऱ्यांची आहेत, वस्तीवरून चालत येणाऱ्यांची आहेत, घरात एक भाषा आणि वर्गात दुसरी अशी ज्यांची ओढाताण होते त्यांची आहेत. सरासरी खोटे बोलत नाही हे खरे. परंतु ज्या मुलांसाठी शाळेने सर्वांत अधिक झटायला हवे, नेमक्या त्यांच्याविषयी ती मौन पाळते.

हे मौन कायद्याने मोडण्याचा एक मोठा, दीर्घकाळ चाललेला आणि वाटेत पुष्कळ ठेचा खाल्लेला प्रयत्न अमेरिकेत झाला आहे. त्या देशाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. त्यांना जे साधले ते उचलावे आणि जेथे ते ठेचाळले तेथे आपण पाय जपून टाकावा, एवढ्यासाठीच ती हकीकत सांगत आहोत.

तेथे शिक्षण हा मुळात घटक राज्यांचा विषय. संघ सरकारच्या हाती असते ती फक्त पैशाची थैली आणि तिला बांधलेल्या अटी. ती थैली प्रथम मोठ्या प्रमाणावर उघडली ती राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी. तारुण्यात, १९२८ साली, ते टेक्सास राज्यातील कोटुला ह्या लहानशा गावी मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांचे शिक्षक होते. ११ एप्रिल १९६५ रोजी प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाच्या कायद्यावर त्यांनी सही केली, ती स्वतःच्या बालपणीच्या शाळेपाशी, आपल्या पहिल्या शिक्षिकेला शेजारी बसवून. गरीब मुले जेथे अधिक, तेथील शाळांना संघ सरकारने जादा पैसा द्यावा, हे त्या कायद्याचे सूत्र. पैसा गेला, परंतु त्या पैशाने मुले वाचू लागली की नाही, हे विचारण्याची सोय बराच काळ तोकडीच राहिली.

१९७४ साली एक निकाल लागला, तो आपल्यासारख्या बहुभाषी गावांनी विशेष ध्यानात घ्यावा. सान फ्रान्सिस्को येथील चिनी भाषिक मुलांच्या पालकांनी फिर्याद केली होती की, आमच्या मुलांना वर्गात चाललेले इंग्रजी कळत नाही आणि ते कळावे म्हणून शाळा काही करीत नाही. शाळेचे म्हणणे, सर्वांना तेच शिक्षक, तीच पुस्तके, तोच वर्ग दिला आहे. आणखी काय हवे? सर्वोच्च न्यायालयाने पालकांच्या बाजूने कौल दिला. ज्याला भाषाच कळत नाही, त्याच्यापुढे इतरांसारखेच पुस्तक ठेवणे म्हणजे समान वागणूक नव्हे, हे त्या निकालाचे सार होय.

खरी कलाटणी मिळाली ती ८ जानेवारी २००२ रोजी. ‘एकही मूल मागे राहू नये’ अशा अर्थाचे नाव धारण करणारा कायदा त्या दिवशी जॉर्ज बुश यांच्या सहीने अमलात आला. तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी आणि पुढे एकदा, वाचन व गणित यांची चाचणी सक्तीची झाली. निकाल केवळ शाळेचा म्हणून न लावता गटागटाने लावायचा असे ठरले: गरीब मुलांचा वेगळा, प्रत्येक वंशाच्या मुलांचा वेगळा, अपंग मुलांचा वेगळा, इंग्रजी अजून न आलेल्या मुलांचा वेगळा. कच्ची मुले परीक्षेच्या दिवशी घरी बसवून निकाल सुधारण्याची वाटही बंद झाली, कारण प्रत्येक गटातील निदान ९५ टक्के मुलांनी चाचणीस बसणे बंधनकारक केले गेले. एक गट जरी ठरलेल्या पायरीपर्यंत पोचला नाही, तरी सारी शाळा अनुत्तीर्ण! अशी सलग दोन वर्षे गेली की शाळेवर सुधारणेचा शिक्का बसे आणि तीन महिन्यांच्या आत तिने सुधारणेचा आराखडा तयार करावा लागे. मुलांना दुसऱ्या शाळेत जाण्याची मुभा, मग जादा शिकवणी, मग शिक्षक व व्यवस्था यांत बदल, आणि शेवटी शाळेची संपूर्ण पुनर्रचना, असा हा चढता जिना होता.

ह्या कायद्याने पडदा दूर केला, हे त्याचे श्रेय कोणीही नाकारू नये. नामांकित उपनगरांतील ज्या शाळा सरासरीच्या जोरावर मिरवीत होत्या, त्यांनाही आपली मागे पडलेली मुले प्रथमच आकड्यांत पाहावी लागली. परंतु पडदा दूर करणाऱ्यांनी हातात दिव्याऐवजी छडी घेतली होती. २०१४ पर्यंत १०० टक्के मुले प्रवीण झाली पाहिजेत असे ध्येय कायद्याने घालून दिले. असे ध्येय कागदावर शोभते. वर्गात ते गळफास होते. २०११ साली देशातील जवळजवळ निम्म्या शाळा कायद्याच्या दृष्टीने नापास ठरल्या. एका गटाच्या एका विषयात थोडी उणीव असलेली शाळा आणि मुळापासून कोसळलेली शाळा ह्यांना एकाच रांगेत उभे केले गेले. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार झाला.

भीतीने माणसे काय करतात, तेही दिसून आले. प्रवीणतेची रेषा ठरवणे राज्यांच्याच हाती होते. काहींनी ती रेषाच खाली ओढली. वाचन आणि गणित यांपुढे इतिहास, विज्ञान, चित्रकला यांचे तास आटले. सर्वांत लाजिरवाणे घडले ते अटलांटा शहरात. तेथे शिक्षकांनी व मुख्याध्यापकांनी मुलांच्या उत्तरपत्रिकांवरील चुकीची उत्तरे खोडून बरोबर उत्तरे भरल्याचे उघडकीस आले. २०११ मध्ये राज्याच्या चौकशीने ४४ शाळांतील १७८ जणांवर ठपका ठेवला आणि २०१५ मध्ये ११ जणांना न्यायालयाने दोषी ठरवले. त्यांत नुकसान कोणाचे झाले? ज्याची उत्तरपत्रिका खोडली गेली त्या मुलाचे. वाचता येत नाही हे कळले असते तर त्याला कोणी मदत केली असती. कागदावर तो उत्तीर्ण झाला आणि ती वाटही बंद झाली.

ह्या ठेचांतून शिकून १० डिसेंबर २०१५ रोजी नवा कायदा आला. तो आजही तेथे अमलात आहे, जरी २०२५ च्या मार्चमध्ये संघाच्या शिक्षणखात्यातील जवळजवळ निम्मे नोकर कमी करण्याचे तेथील सरकारने जाहीर केले. ह्या कायद्याने गटवार मोजणी कायम ठेवली, परंतु छडी बरीच खाली ठेवली. शाळांची वर्गवारी तीन प्रकारे केली. पहिल्या वर्गात साहाय्य घेणाऱ्या शाळांपैकी तळाच्या ५ टक्के शाळा, आणि ज्या माध्यमिक शाळांतून एक तृतीयांश वा अधिक मुले शिक्षण पुरे न करताच बाहेर पडतात अशा शाळा. यांना सर्वांगीण सुधारणा सांगितली. दुसऱ्या वर्गात अशा शाळा, की जेथे एखादा गट सातत्याने मागे राहतो. तिसऱ्यात अशा, की जेथील एखादा गट वेगळा काढून पाहिला तर त्याची स्थिती तळाच्या ५ टक्के शाळांसारखीच भरते. म्हणजे बाहेरून शाळा उत्तम, पण तिच्या पोटात एक तळाची शाळा लपलेली! आमच्या मते ह्या कायद्यातील सर्वांत शहाणी ओळ ती हीच.

दुसऱ्या व तिसऱ्या वर्गातील शाळेने करायचे काय? शिक्षक, मुख्याध्यापक व पालक यांना सोबत घेऊन तिने स्वतःच त्या मागे पडलेल्या गटासाठी आराखडा लिहायचा. त्यातील उपाय पुराव्याने कोठेतरी सिद्ध झालेले असले पाहिजेत. स्थानिक शिक्षण मंडळाने तो मंजूर करायचा आणि त्याच्या अंमलावर नजर ठेवायची. तिसऱ्या वर्गातील शाळेने आणखी एक गोष्ट तपासायची: पैसा, अनुभवी शिक्षक, साधने यांच्या वाटपातच अन्याय झालेला नाही ना? मुले मागे राहिली म्हणून मुलांकडेच बोट दाखवण्याच्या सवयीला हे उत्तम उत्तर आहे. ठरलेल्या मुदतीत सुधारणा झाली नाही, तर साहाय्य घेणारी शाळा पहिल्या वर्गात ढकलली जाते आणि राज्य सरकार हात घालते.

तथापि येथेही एक भोक राहिलेच. गट किती मुलांचा झाला म्हणजे तो मोजायचा, हा आकडा प्रत्येक राज्य ठरवते. कोठे १०, कोठे २०, कोठे ३०. शाळेत त्याहून एक मूल कमी असेल, तर तो गट शाळेच्या हिशेबातून नाहीसा होतो. पूर्वीच्या कायद्याच्या काळी, २००६ साली, असोसिएटेड प्रेस ह्या वृत्तसंस्थेने हिशेब मांडला, तेव्हा असे जवळजवळ २० लाख गुण वंशवार मोजणीतून गळल्याचे आढळले. लहान गटांचे दुःख हे असे असते. आधी ते संख्येने कमी आणि मग हिशेबातून वजा.

आता आपल्या अंगणाकडे वळू. आपल्या राज्यघटनेत १९५६ साली ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून पुरेशा सोयी करण्याची जबाबदारी त्याने राज्यांवर व स्थानिक संस्थांवर टाकली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही आपल्या हाती काही दिले आहे. सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांत व्यवस्थापन समिती हवी, तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, आणि त्या समितीने शाळेच्या विकासाचा आराखडा करावा, असे तो सांगतो. अनुदानित शाळांत २०१२ च्या दुरुस्तीने समितीचे काम सल्ल्यापुरते ठेवले आहे; पण सल्लाही ठामपणे देता येतो. प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे तर ह्याच कायद्याने शिक्षकाचे कर्तव्यच ठरवले आहे.

मग समितीच्या येत्या बैठकीत एकच मागणी करा. शाळेचा एक आकडा नको, तक्ता द्या. मुलगे किती पुढे, मुली किती? वस्तीवरची मुले कोठे आहेत? ज्यांच्या घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी, ती कोठे आहेत? आणि तक्ता हाती आल्यावर शिक्षकाला धारेवर धरू नका. त्याच्या वर्गात किती मुले आहेत, त्याला शिकवण्याखेरीज किती कामे आहेत, किती जागा रिकाम्या आहेत, तेही त्याच तक्त्यात लिहून घ्या. तक्त्याने दोष दिसतो; तो दूर करायला माणूस आणि पैसा लागतो, आणि तो मागण्याचे बळ तक्त्यानेच येते.

शेवटी एक गोष्ट स्वतःच्या घरातली. आमची मोजणी नीट करा, आमची भाषा आकड्यांखाली गाडू नका, असे आपण मराठी माणसे सरकारदरबारी वर्षानुवर्षे सांगत आलो. ते सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे. परंतु आपल्याच मराठी शाळेच्या मागच्या बाकावर घरी कोंकणी, कानडी, उर्दू वा लमाणी बोलणारी पाच-सात मुले बसलेली असतील, तर त्यांची मोजणी कोण करणार? ती पाच-सात आहेत म्हणून आपणही त्यांना सरासरीत बुडवणार काय? स्वतःसाठी मागितलेला न्याय आपल्याहून लहान असलेल्याला देता आला, तरच ती मागणी खणखणीत वाजते.

चौथीतून पाचवीत जाणारे एकही मूल वाचता न येता पुढे सरकू नये, एवढे जरी ह्या गावातील शाळांनी मनावर घेतले, तरी आमचे हे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.