हिस्सा, हक्कसोड आणि कंपनी

(तरुणांच्या अभ्यासशिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



मला दिलेला विषय भारदस्त आहे: औपचारिक आणि अनौपचारिक संस्था, आधुनिक अर्थव्यवस्था आणि लोकशाही. चाळीस मिनिटांत यातला एकच धागा धरता येईल. मी बहिणीच्या हिश्श्याचा धरणार आहे. अर्थव्यवस्था आणि लोकशाही दोन्ही त्यात येतात, आणि या हॉलमधल्या प्रत्येकाचा त्याच्याशी संबंध आहे.

आधी 'संस्था' या शब्दाबद्दल. मराठीत संस्था म्हटलं की पाटी, इमारत, अध्यक्ष आणि न भेटणारे कोषाध्यक्ष डोळ्यांसमोर येतात. अर्थशास्त्रज्ञ डग्लस नॉर्थ यांनी हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरला. १९९३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्या मते संस्था म्हणजे खेळाचे नियम. कंपनी, पक्ष, ट्रस्ट हे खेळणारे संघ. यातले काही नियम लिहिलेले असतात: कायदा, करार, घटना. बाकीचे कोणी लिहून ठेवत नाही: रिवाज, भीड, लाज, 'लोक काय म्हणतील'. लिहिलेला नियम मोडला तर नोटीस येते. न लिहिलेला मोडला तर पुढच्या दावतीचं बोलावणं येत नाही. दुसरी शिक्षा जास्त लागते, हे तुम्हाला माहीत आहे.

आता मुंबईचा एक खटला बघू. साल १८४७. तेव्हा हायकोर्ट नव्हतं, मुंबईचं सुप्रीम कोर्ट होतं आणि न्यायाधीश होते सर अर्स्किन पेरी. खोजा आणि मेमन घरांतल्या मुलींनी वडिलांच्या मालमत्तेत कुरआनप्रमाणे आपला हिस्सा मागितला. समोरची बाजू म्हणाली, आमच्या जमातीत मुलींना हिस्सा देण्याचा रिवाजच नाही. त्यांचा हक्क फक्त पोटगीचा आणि लग्नखर्चाचा. पेरी यांनी रिवाजाच्या बाजूने निकाल दिला. कुरआन काय सांगतो ते एका बाजूला राहिलं, आणि जमातीच्या सवयीवर कोर्टाचा शिक्का बसला.

या निकालाकडे फक्त अन्याय म्हणून बघितलं तर अर्धीच गोष्ट कळते. त्या व्यापाऱ्यांना असा रिवाज का हवा होता?

याचं एक उत्तर तैमूर कुरान यांच्याकडे आहे. (आडनाव तेच आहे, हसू नका, ते तुर्की वंशाचे अर्थशास्त्रज्ञ आहेत.) मध्यपूर्व युरोपच्या मागे का पडली, या प्रश्नावर त्यांनी बरंच काम केलंय. इस्लामी वारसा कायद्यात मुलगे, मुली, बायको, आई, वडील अशा अनेकांना ठरलेले हिस्से मिळतात. सातव्या शतकातल्या अरबस्तानासाठी, आणि खरं तर पुढे कित्येक शतकं जगातल्या बहुतेक ठिकाणांसाठी, ही मोठी गोष्ट होती. इंग्लंडमध्ये जमीन थोरल्या मुलाला जायची आणि धाकटे चर्चमध्ये किंवा फौजेत नशीब काढायला जायचे. मुलींचं तर विचारूच नका. आपल्याकडे वाटप जास्त न्यायाचं होतं. पण व्यापाराच्या बाजूने त्यात एक अडचण होती. भागीदारीतला एक जण मेला की भागीदारी संपायची, आणि वारस आपापला हिस्सा मागू शकायचे. म्हणून व्यापारी भागीदार थोडे ठेवत आणि करार छोट्या मुदतीचे करत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कैरोत इस्माईल अबू ताकिया हा फार मोठा व्यापारी होता. तो वारला, मालमत्ता अनेक वारसांत वाटली गेली, आणि एवढा पसारा एका हाती राहिला नाही. त्याच सुमारास, १६०२ मध्ये, डच ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली. तिचा भागधारक मेला तर त्याचे शेअर मुलांत वाटले जायचे. जहाज मात्र चालत राहायचं.

या एका फरकात आधुनिक अर्थव्यवस्थेचं बरंच काही आहे. कंपनी ही कायद्याने तयार केलेली 'व्यक्ती' आहे. तिला मालमत्ता असते, कर्ज असतं, ती खटला भरू शकते आणि ती म्हातारी होत नाही. भारतात मर्यादित जबाबदारीच्या कंपन्यांना कायद्याची वाट १८५७ मध्ये मिळाली.

म्हणजे १८४७ च्या त्या व्यापाऱ्यांपुढे अडचण खरी होती. भांडवल एकत्र ठेवायचं कसं? त्यांनी रिवाजाने उत्तर काढलं आणि किंमत मुलींच्या खिशातून वसूल केली. खोजा आणि मेमन व्यापारात पुढे गेले त्याचं हे एकमेव कारण नव्हे. बंदरं, आफ्रिकेपर्यंतचे व्यापारी धागे, जमातीतली उधारी, हे सगळं होतं. त्यामुळे कुरान यांचं म्हणणं मी जसंच्या तसं स्वीकारत नाही. वसाहतवादाने काय केलं याचा हिशोबही मांडावा लागतो. पण एक गोष्ट मला पटते. चांगली औपचारिक संस्था हाताशी असली की बहिणीचा हक्क की धंद्याचं आयुष्य, असं निवडावं लागत नाही. शेअर सहा जणांत वाटा, कारखाना एकच राहतो.

मग आज, कंपनी, एलएलपी, भागीदारी करार सगळं उपलब्ध असताना, आपल्या घरांत काय चालतं?

१९३७ च्या शरियत कायद्याने वारशात रिवाजापेक्षा वैयक्तिक कायदा वरचढ ठरवला. (मूळ कायद्यातून शेतजमीन वगळली होती. अर्थातच. खरी मालमत्ता तीच होती.) म्हणजे कागदावर १८४७ चा निकाल मागे पडला. आणि घरात? अब्बांच्या चाळिसाव्यानंतर भाईजान कागद आणतात, त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बहीण सही करते, अंगठ्याचा ठसा देते, आणि तिथून बाहेर पडल्यावर सगळे मिळून बिर्याणी खातात. कोणी तिला धमकावलेलं नसतं. तिला फक्त माहीत असतं की हिस्सा घेतला तर माहेर तुटेल. उद्या नवऱ्याशी बिनसलं तर परत यायला दार एकच आहे, आणि त्या दाराची चावी भावाकडे आहे. बँक नाही, नोकरी नाही, विमा नाही. माहेर हाच तिचा विमा. हिस्सा सोडून ती त्याचा हप्ता भरते. तिला भोळी म्हणू नका, तिचा हिशोब बरोबर आहे. चुकीचे आहेत ते तिला असा हिशोब करायला लावणारे नियम.

मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा असावा का, यावर आपल्यात मतभेद आहेत. ती चर्चा उद्याच्या सत्रात आहे. मी आज एवढंच विचारतोय, की तो निम्मा तरी पोहोचतो का? जे तलाकच्या बाबतीत शरियतचं अक्षर अन् अक्षर सांगतात, ते या ठिकाणी अचानक 'आपल्याकडे पद्धत नाही' म्हणतात. १८४७ चीच भाषा.

हा फक्त आपल्या मोहल्ल्याचा प्रश्न नाही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला, पण हक्कसोडपत्रं त्या घरांतही होतात. कायदे दोन, रिवाज एकच. समान नागरी कायद्यावर वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना मी हे आवर्जून सांगतो.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही डिफॉल्ट सेटिंगला फार जपतो, कारण बहुतेक लोक ते कधीच बदलत नाहीत. बहिणीने सही करणं हे आपल्याकडचं डिफॉल्ट आहे. हक्क मागायला तिला बोलावं लागतं, सोडायला मात्र गप्प राहिलं तरी चालतं.

हे बदलतं का? इथे मी लोकशाहीकडे येतो, कारण तिथे याचं मोजलेलं उत्तर आहे. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतींत स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. सुरुवातीला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय: खुर्चीवर बाई, शेजारच्या खुर्चीवर सरपंचपती, आणि शिक्का त्यांच्याच खिशात. नियम नवा, रिवाज जुना. लोक हसले, म्हणाले आरक्षण फसलं. पण पश्चिम बंगालमधल्या गावांच्या अभ्यासात असं दिसलं, की जिथे सरपंचपद लागोपाठ दोनदा स्त्रियांसाठी राखीव राहिलं, तिथे नंतर बिनराखीव जागांवरही जास्त स्त्रिया उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. लोकांनी बाईला कारभार करताना पाहिलं आणि त्यांची नजर सरावली. त्याला एका निवडणुकीपेक्षा जास्त वेळ लागला. बाबासाहेबांनी संविधान सभेत सांगितलं होतं की संवैधानिक नीती उपजत नसते, ती रुजवावी लागते. रुजवायची म्हणजे काय, ते या गावांत दिसतं. पण तिथे आधी नियमाने बाईला खुर्चीवर बसवलं होतं, हे विसरू नका. नजर आपोआप सरावली नाही.

घरात आरक्षण आणता येणार नाही. पण क्रम बदलता येतो. वडील गेले की पहिला कागद हक्कसोडीचा नाही, वारस नोंदीचा. त्यात सगळ्यांची नावं, बहिणींचीसुद्धा. दुकान किंवा कारखाना असेल तर वडील हयात असतानाच तो भागीदारी किंवा कंपनीत घालून प्रत्येकाचा वाटा लिहून ठेवा. बहिणीला धंदा चालवायचा नसेल तर तिला नफा मिळू द्या. आणि विषय बहिणीने काढायची वाट बघू नका. तिने काढला तर ती 'मागणारी' ठरते. भावाने काढला तर तो नुसता हिशोब असतो. या हॉलमध्ये भाऊ निम्म्याहून जास्त आहेत.

जेवणानंतर आपण गटांत बसणार आहोत. तोवर घरी एक फोन करा. सातबारा किंवा घराच्या उताऱ्यावर शेवटची वारस नोंद कधी झाली आणि तिच्यात फुफीचं नाव आहे का, एवढंच विचारा. नसेल तर ते कोणत्या साली आणि कोणत्या कागदाने गेलं, तेही विचारा. गटात त्यावरूनच सुरुवात करू.