गल्लीतला गतिरोधक आणि महापालिकेचे अंदाजपत्रक

शाळेसमोर झेब्रा पट्टे मारणे, उतारावर गतिरोधक बसवणे, तुटलेला पदपथ सलग करणे, चौकातल्या अंधाऱ्या कोपऱ्यावर दिवा लावणे ही वस्तीतल्या रस्तासुरक्षेची नेहमीची कामे. उड्डाणपुलाच्या खर्चापुढे यातले प्रत्येक काम किरकोळ असते, तरी तेच वर्षानुवर्षे रखडते. पैसा मुळातच नसतो असे सहसा घडत नाही. तो कोणत्या शीर्षाखाली आहे, कोणाच्या सहीने सुटतो आणि कोणत्या महिन्यात हाती येतो, यावर सगळे अवलंबून असते. पुणे महापालिकेचा कारभार पाहिला तर ही साखळी कडीकडीने उलगडते.

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी 18 विषय नोंदवले आहेत. त्यांत रस्ते आणि पूल आहेत, रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ आणि बसथांबेही आहेत. वाहतुकीचे नियमन मात्र पोलिसांकडे राहते. त्यामुळे गतिरोधकाला पैसे महापालिकेने द्यायचे आणि ना हरकत वाहतूक पोलिसांनी, अशी विभागणी पडते. महापालिकेच्या आतही पदपथ पथ विभागाकडे, दिवा विद्युत विभागाकडे आणि किरकोळ दुरुस्ती क्षेत्रीय कार्यालयाकडे. एकच चौक सुरक्षित करायचा तर तीन-चार टेबलांवर कागद फिरतो.

मिळकतकर, बांधकाम परवानगीचे शुल्क आणि जकात व स्थानिक संस्था कर (एलबीटी) गेल्यानंतर राज्याकडून मिळणारे जीएसटीचे अनुदान या महापालिकेच्या मोठ्या जमेच्या बाजू. आयुक्त अंदाजपत्रकाचा मसुदा स्थायी समितीला सादर करतात, समिती त्यात भर घालते आणि मुख्य सभा मंजुरी देते. प्रभागातली लहान कामे नगरसेवकांनी सुचवलेल्या याद्यांमधून येतात. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर काही वर्षे पुण्यात नगरसेवकच नव्हते. त्या काळात मसुदा मांडणे आणि मंजूर करणे ही दोन्ही कामे प्रशासकाच्या हाती एकवटली. गल्लीतल्या कामासाठी ज्याच्या दारात जाता येते असा माणूसच व्यवस्थेत उरला नाही, हे या काळातले खरे नुकसान.

नागरिकांसाठी दुसरी वाट आहे ती सहभागी अंदाजपत्रकाची. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात 1989 मध्ये सुरू झालेली ही पद्धत पुण्याने 2006 मध्ये स्वीकारली. रहिवासी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून काम सुचवतात. कनिष्ठ अभियंता जागा पाहून पूर्वगणनपत्रक करतो आणि प्रभाग समितीच्या मान्यतेनंतर काम अंदाजपत्रकात येते. पावसाळ्याच्या अखेरीस दिलेली सूचना 1 एप्रिलला सुरू होणाऱ्या वर्षात धरली जाते. मग निविदा, कार्यादेश, तोवर जून उजाडतो आणि डांबराची कामे थांबतात. काम दिवाळीच्या आसपास सुरू झाले तर ठीक. नाहीतर मार्चअखेर तरतूद दुसऱ्या कामाकडे वर्ग होते आणि अर्जदाराला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मोठा निधी अपघातप्रवण स्थळांकडे, म्हणजे ब्लॅक स्पॉटकडे, वळतो. राष्ट्रीय महामार्गांसाठीचा निकष असा आहे : सुमारे 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. महामार्गासाठी तो उपयोगी आहे. वस्तीतल्या रस्त्याला तोच विचार लावणे मात्र अन्यायाचे आहे, कारण तिथे अपघात एका जागी साचत नाहीत. ते गल्लोगल्ली विखुरलेले असतात. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मरण पावली आणि त्यांत 32,825 पादचारी होते. मृत्यूंची मोजदाद पूर्ण होईपर्यंत निधी न देणारी पद्धत या माणसांच्या काहीच कामाची नाही. म्हणून वस्तीतल्या सुरक्षेसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष हवे आणि वर्षअखेरीस त्यातला पैसा दुसरीकडे वर्ग करता येऊ नये. रहिवाशांनी सांगितलेला धोका हाच या खर्चाला पुरेसा आधार मानला पाहिजे.

पैसा मिळाल्यावर काम कसे होते, हा याहून नाजूक भाग. भारतीय रस्ते काँग्रेसच्या 1988 च्या मार्गदर्शिकेतला गतिरोधक 3.7 मीटर रुंद, मध्यभागी 10 सेंटिमीटर उंच आणि 17 मीटर त्रिज्येच्या वर्तुळखंडासारखा गोलसर असतो. ताशी 25 किलोमीटरने येणारे वाहन त्यावरून सुखाने जावे, असा त्याचा हिशोब आहे. त्याच्या 40 मीटर आधी सूचनाफलक लागतो आणि अंगावर रात्री चमकणारे पट्टे. गल्लीत प्रत्यक्षात दिसतो तो हातभर रुंदीचा डांबराचा उंचवटा, बिनपट्ट्यांचा. अंधारात दुचाकी त्यावर आदळते, मागे बसलेली बाई उडते. रुग्णवाहिकेतल्या रुग्णाचे हाल होतात. मग तक्रार येते आणि उंचवटा उखडला जातो. एकाच जागेवर दोनदा खर्च होतो आणि शाळेसमोरचा वेग होता तेवढाच राहतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर वाहन थांबायला चौपट अंतर लागते, त्यामुळे मुलाच्या जिवाचा प्रश्न शेवटी याच वेगापाशी येतो. चौकाच्या कोपऱ्याची गोलाई कमी केली तर वाहन वळताना आपोआप मंदावते आणि ओलांडायचे अंतरही घटते. पदपथाच्या पातळीला उचललेला पादचारी पट्टा गतिरोधक आणि झेब्रा पट्टे ही दोन्ही कामे करणारा पर्याय आहे, फक्त पावसाच्या पाण्याचा निचरा आधी पाहावा लागतो.

निकृष्ट रस्त्याची जबाबदारी 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आली. ठरलेले सुरक्षा निकष न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर कलम 198 अ नुसार संबंधित प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण तो अपघातानंतरचा उपाय झाला. बिल निघण्याआधीची तपासणी मोजमाप पुस्तिकेवर चालते. त्या पुस्तिकेत लांबी, रुंदी, जाडी चढते; वाहनांचा वेग चढत नाही. काम होण्याआधी एकदा आणि झाल्यावर एकदा, शाळा सुटण्याच्या वेळी तासभर वाहतूक पोलिसांच्या स्पीड गनने वेग नोंदवला आणि ते दोन आकडे बिलाला जोडले, तर खर्च उपयोगी पडला की नाही हे लेखापरीक्षकालाही कळेल आणि अर्ज करणाऱ्या रहिवाशालाही.