औषध उलटते तेव्हा

बीदर शहराजवळच्या कोळार परिसरात औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि औषधांची मूळ द्रव्ये तयार करणारे कारखाने तेथे आले. मात्र रात्री-अपरात्री पोटात कळ उठली म्हणजे या कारखान्यांचा शेजाऱ्यांना काही उपयोग नसतो. उपयोगी पडतो तो कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार. त्याच्या फळीवर टांगलेल्या पुड्या, काचेच्या बरणीतल्या चघळायच्या गोळ्या आणि डब्यातला खाण्याचा सोडा हाच त्या वेळचा दवाखाना.

लग्नसराईचे दिवस आहेत असे समजावे. गव्हाची हुग्गी, वर तुपाची धार, तिखटजाळ वांगे आणि तुरीच्या डाळीचे वरण असे भरपेट जेवून घरचा कर्ता पुरुष उशिरा परततो. छातीखाली जळजळ होत असते, करपट ढेकरा येत असतात. तो दोन पुड्या एकदम पेल्यात ओततो आणि फेस शमण्याची वाट न पाहता घटाघटा पिऊन टाकतो. पाच मिनिटे जात नाहीत तोच सारे उलटून पडते. म्हातारी आई म्हणते, “पित्त पडलं बघ. आता मोकळं वाटंल.” बायको म्हणते, “अहो, दुकानदारानं जुनी पुडी दिली असंल.” दोघींपैकी कोणीच अगदी चुकीचे बोलत नाही, आणि घडले काय ते कोणालाच नीट कळलेले नसते.

या सीमाभागात उलटीला ‘वांती’ म्हणतात. कन्नड बोलणारा शेजारीही वांतीच म्हणतो. पित्त हा शब्दही दोघांचा एकच. हल्ली तर ‘गॅस झाला’ हे वाक्य मराठी, कन्नड आणि दख्खनी या तिन्ही भाषांत सारख्याच सहजतेने ऐकू येते. शब्द समाईक झाले, तशा समजुतीही समाईक झाल्या. त्यांतली सर्वांत दृढ समजूत अशी की पोटावरचे औषध घेतल्यावर वांती झाली म्हणजे औषध लागू पडले.

आधी त्या फेसाचा विचार करू. पुडीतले मुख्य द्रव्य म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा तो हाच. त्याच्या जोडीला सायट्रिक आम्ल असते. लिंबाला आंबटपणा येतो तो याच आम्लामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडातील न्यूकॅसल येथे जेम्स क्रॉसली ईनो या औषधविक्रेत्याने असे मिश्रण ‘फळांचे मीठ’ म्हणून विकावयास काढले, आणि पुढे ते जगभर पसरले. पाण्यात पडताच सोडा आणि आम्ल एकमेकांशी भिडतात व कर्बद्विप्राणिल वायू फसफसून निघतो. फेस पेल्यातच शमू दिला तर बराचसा वायू हवेत जातो. फेसासकट प्यायले तर तोच वायू जठरात सुटतो.

कोरा सोडा घेतला तर प्रकार निराळा होतो. त्याच्या जोडीला पुडीतले आम्ल नसते. ते जठरातच तयार असते, कारण जठररसात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्याच्याशी सोड्याचा संयोग होऊन मीठ, पाणी आणि पुन्हा तोच वायू तयार होतो. हिशेब केला तर एक ग्रॅम सोड्याचे पुरते विघटन झाल्यास शरीराच्या उष्णतेत सुमारे ३०० घनसेंटिमीटर वायू निघतो. चहाचा चमचा शिगोशीग भरला की त्यात पाच ग्रॅमच्या आसपास सोडा सहज येतो. म्हणजे पुरेसे आम्ल मिळाले तर दीड लिटर वायू! जेवणाने भरलेल्या जठराची सामान्य धारणशक्ती एक ते दीड लिटरच असते. प्रत्यक्षात एवढा सगळा वायू एकाच क्षणी निघत नाही. पोटातले आम्ल मर्यादित असते आणि काही सोडा तसाच आतड्यात उतरतो. तरीही आधीच तुडुंब भरलेल्या पिशवीत आणखी वारा भरला जातो, एवढे खरे.

ढेकर येऊन वायू निघून गेला तर माणूस सुखावतो, आणि सोड्याची सारी कीर्ती या ढेकरेवर उभी आहे. पण जठराच्या वरच्या तोंडाशी अन्न असेल तर वायूबरोबर तेही वर येते. शिवाय जठराची भिंत ताणली गेली की तिच्यातील मज्जातंतू मेंदूच्या देठाकडे वर्दी पाठवतात, तेथून हुकूम सुटतो, पोटाचे स्नायू आणि श्वासपटल आवळले जातात आणि वांती होते. येथे औषधाच्या अंगी विष असावे लागत नाही. नुसता ताण पुरतो. फार जेवल्यावर, विशेषतः मद्यपानानंतर, सोडा घेतल्याने जठर फाटल्याचे प्रसंग वैद्यकाच्या ग्रंथांत नोंदले गेले आहेत. ते अतिशय विरळा आहेत, पण घडलेले आहेत.

आता आईच्या ‘पित्त पडले’कडे वळू. वांतीत शेवटी जे पिवळे-हिरवे कडू पाणी येते ते पित्त खरेच. ते यकृतात तयार होते, पित्ताशयात साठते आणि जठराच्या खालच्या दाराबाहेर, लहान आतड्याच्या आरंभी, येऊन पडते. त्याची जागा तेथेच आहे, कारण स्निग्ध पदार्थ पचवण्याचे काम त्याच्याकडे असते. वांतीचे उमाळे दोनतीनदा आले आणि जठर रिकामे झाले की आतड्यातले हे पाणी उलट दिशेने वर ओढले जाते. ते साठून राहिले म्हणून माणूस आजारी पडला होता असा त्याचा अर्थ नाही. ते पडून गेले म्हणून आजार गेला असेही नाही. वांतीनंतर क्षणभर मोकळे वाटते ते ताण उतरल्यामुळे. आयुर्वेदात वमन हा एक स्वतंत्र उपचार आहे, पण त्याची पूर्वतयारी, पथ्य आणि वैद्याची देखरेख यांचा शास्त्रकारांनी केवढा बडिवार केला आहे! दुकानातली पुडी पिऊन अवचित झालेल्या वांतीला त्या शास्त्राचा आधार देणे हा त्या शास्त्रावरही अन्याय आहे.

मेंदूकडे वर्दी जाण्याचा दुसरा एक रस्ता आहे आणि तो रक्तातून जातो. मेंदूच्या तळाशी एक लहानसा भाग असा आहे की रक्तातील नको ती द्रव्ये तेथे चटकन ओळखली जातात. इतरत्र मेंदूभोवती जो कडक पहारा असतो, तो या जागी सैल ठेवलेला आहे. रक्ताचा समतोल बिघडला की येथूनच मळमळ सुरू होते. सोडा वारंवार घेणाऱ्याला नडतो तो हा रस्ता.

याचा दाखला शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत सापडतो. शिकागो येथील वैद्य बर्ट्राम सिप्पी यांनी १९१५ साली जठरव्रणावर एक उपचार प्रसिद्ध केला. रोग्याला तासातासाला दूध व साय पाजायची आणि मधल्या वेळात सोडा, मॅग्नेशिया अशा क्षारांच्या पुड्या द्यायच्या. वेदना थांबत. उपचार इतका लोकप्रिय झाला की कित्येक दशके तो चालू राहिला. परंतु १९२३ साली हार्ट आणि रिव्हर्स या दोघा डॉक्टरांनी दाखवून दिले की यांतल्या काही रोग्यांना दुधाचा तिटकारा येतो, डोके दुखते, मळमळते, वांत्या होऊ लागतात आणि मूत्रपिंडांवर परिणाम होतो. रक्तात क्षार आणि कॅल्शियम वाजवीपेक्षा वाढल्यामुळे हे घडत होते. जठरव्रणाचे एक मोठे कारण म्हणजे एक जंतू, हे ऑस्ट्रेलियातील वॉरेन आणि मार्शल यांनी पुढे सिद्ध केले आणि २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुधाचा आणि सोड्याचा तो उपचार मागे पडला, पण दुखणे पुरते गेले नाही. हाडांसाठी कॅल्शियमच्या गोळ्या घेणारी आणि त्यावर आम्लनाशक म्हणून पुन्हा कॅल्शियमच्याच गोळ्या चघळणारी माणसे आज त्याच वाटेने जातात.

यातली खोच अशी की वांतीबरोबर जठरातले आम्ल शरीराबाहेर जाते. आम्ल गेले की रक्त अधिक क्षारयुक्त होते. त्यावर सोडा घेतला की क्षाराची आणखी भर पडते. क्षार वाढला की मळमळ वाढते. मळमळ वाढली म्हणून घरचे लोक प्रेमाने आणखी एक चमचा देतात! वांती झालेल्याला ‘आधीचे पडून गेले, म्हणून पुन्हा’ असे म्हणून तेच चूर्ण देण्याची रीत घरोघर आहे. ती मोडायला हवी. रक्तदाबाच्या, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रोग्याच्या बाबतीत तर अधिकच, कारण सोड्याच्या एका सपाट चमच्यात एक ग्रॅमहून अधिक सोडियम असते.

बायकोचा जुन्या पुडीवरचा संशय या प्रसंगी फारसा टिकत नाही. दमट हवेत राहिलेली पुडी निकामी होते, फसफसत नाही, एवढेच. वेष्टनावरचा मजकूर मात्र वाचलेला बरा. फसफसणाऱ्या काही गोळ्यांत सोड्याबरोबर ऍस्पिरिनही असते, आणि ते जठराच्या अस्तराला बोचते. अशा मिश्रणांमुळे रक्तस्राव होऊ शकतो असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने २०१६ साली दिला होता. वांतीत कॉफीच्या चोथ्यासारखे काळसर काही दिसले तर ते पित्त नव्हे, रक्त होय. घरच्या एरंडेलाविषयीही येथेच सांगून टाकलेले बरे. बेंबीभोवती दुखू लागून कळ उजवीकडे खाली सरकली असेल, तर एरंडेल किंवा दुसरे कोणतेही रेचक देणे धोक्याचे आहे. आंत्रपुच्छ सुजलेले असल्यास ते फुटण्याची भीती असते.

पण सर्वांत अधिक घात होतो तो वेगळ्याच ठिकाणी. हृदयाच्या खालच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटला तर वेदना पुष्कळदा छातीच्या मध्यावर न जाणवता पोटाच्या वरच्या भागात जाणवते. रोग्याला मळमळते, वांती होते, दरदरून घाम सुटतो. तो म्हणतो, “गॅस झालाय.” पुडी येते, ढेकर येते, क्षणभर बरेही वाटते आणि सारे घर निर्धास्त होते. पुडीने बरे वाटले म्हणून दुखणे हृदयाचे नव्हते, असे अनुमान वैद्यकशास्त्र मुळीच मान्य करीत नाही. चाळिशी उलटलेल्या माणसाला, त्यातून मधुमेही माणसाला, घामासह वांती झाली, किंवा जबडा, खांदा, डावा हात भरून आला, तर दुसरी पुडी फोडण्यात गेलेला प्रत्येक क्षण हृदयाच्या स्नायूतून वजा होतो. कोळारहून बीदर काही लांब नाही. वाहन मिळायला लागेल तेवढाच वेळ आणि तो घालवू नये.

इतके ऐकल्यावर कोणी म्हणेल की जे औषध पोटात ठरत नाही ते सरळ बंद करावे. मोठ्या माणसाच्या चूर्णाबाबत हे बरोबर आहे. पण याच नियमाने लहान मुलांचा जीव गेलेला आहे. हगवण लागलेल्या मुलाला आई मीठ-साखरेचे पाणी पाजते. तहानलेले मूल ते एका दमात पिते आणि भडभडून ओकते. आजी म्हणते, “त्याला सोसत नाही, नको देऊस.” आणि पाणी बंद होते. येथे वांतीचा अर्थ नेमका उलटा आहे. द्रव्य वाईट नव्हते, घाई वाईट होती. जठर एकदम भरले म्हणून त्याने ते फेकले.

दहा मिनिटे थांबावे आणि मग दर दोनतीन मिनिटांनी एकेक चमचा द्यावा. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ एवढेच लागते. मीठ चिमूटभरही वाढवू नये. जास्त मिठानेही वांती होते आणि ते मुलाला अपाय करते. तयार पुडी मिळाली तर ती पुरी, वेष्टनावर सांगितले असेल तेवढ्याच पाण्यात घालावी, अर्धी पुडी अर्ध्या पेल्यात असा अंदाज करू नये. मूल पुन्हा ओकले तरी प्यायलेले सगळेच बाहेर येत नाही, बरेचसे आत राहते आणि आतडे ते शोषून घेते. मूल सुस्तावले, डोळे खोल गेले, किंवा काहीच पोटात राहीना, तर मात्र चमचा चालू ठेवीतच रुग्णालयाची वाट धरावी.

१९७१ साली पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची छावणी पश्चिम बंगालात बनगाव येथे होती आणि तेथे पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे पाणी संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि सोडा यांचे पाणी तोट्या बसवलेल्या पिंपांत भरून ठेवले. दर लिटरमागे सोडा अवघा अडीच ग्रॅम होता आणि तो होता हाच, खाण्याचा. परिचारिका पुरेशा नव्हत्या, म्हणून रोग्यांच्या आया, बहिणी आणि भाऊ पेले घेऊन पिंपाशी उभे राहत आणि आपापल्या माणसाला पाजत. रोगी ओकले तरी ते पाजत राहिले. तेथे शंभरांतली तीस माणसे दगावत होती. त्या पाण्याने ती संख्या चाराच्याही खाली आली.