फडताळाला नवं करू नका

कोलशेत रस्त्यावर जिथं एकेकाळी सँडोझसारखे रंग-रसायनांचे कारखाने होते, तिथं आता उंच इमारती उभ्या आहेत. जुनं गाव मात्र अजून खाडीच्या बाजूला आहे. तिथलं एखादं घर पाडायला निघालं, की स्वयंपाकघरातलं फडताळ बाहेर येतं. सागाचं, जाळीच्या दारांचं, कधीच रंग न लागलेलं आणि धुरानं काळं पडलेलं. ते भंगारात जातं आणि नव्या घरात पार्टिकल बोर्डाची कपाटं येतात. सिंकखालची गळती लागली की ती फुगतात. सागाच्या गाभ्यात मात्र स्वतःचं तेल असतं, म्हणून त्याला वाळवीही सहसा लागत नाही.

मंडळी, असं फडताळ घरात असेल, तर टाकण्याआधी दोन-तीन रविवार त्याला द्या. काम अवघड नाही, पण घाईचंही नाही.

आधी दारं, बिजागऱ्या, कड्या काढून घ्या. तेलाचा चिकट थर बोथट पट्टीनं खरवडा. उरलेला थर टर्पेंटाईनच्या फडक्यानं पुसा. त्या वेळी खिडक्या उघड्या हव्यात आणि गॅस बंद. मग कोमट पाण्यात थोडा भांड्यांचा साबण घालून, फडकं घट्ट पिळून लाकूड पुसा. बादलीनं पाणी ओतू नका. धुण्याच्या सोड्याचा मोहही नको, त्यानं साग काळवंडतो. यानंतर सावलीत दोन-तीन दिवस वाळू द्या. हे काम पावसाळ्यात काढू नये, हे खाडीकाठच्या माणसाला सांगायला नको.

वाळल्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२० चा. हात लाकडाच्या रेषांच्या दिशेनंच चालवा, आडवा घासला की ओरखडे कायमचे राहतात. नाकावर मास्क हवा. एखाद्या दाराला जुना ऑइलपेंट असेल, तर तो कोरडा घासूच नका. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१७ पासून. त्याआधीच्या रंगाची धूळ मुलांच्या पोटात जाणं धोक्याचं.

आता चमक. स्पिरीटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं पॉलिश सुंदर दिसतं, पण गरम भांडं टेकलं की त्यावर पांढरं वर्तुळ उमटतं. म्हणून शेगडीजवळ जवसाचं तेल बरं. पातळ हात द्यायचा, पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून घ्यायचं. तो पूर्ण वाळला की पुढचा हात, असे दोन-तीन पुरेत. तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात भिजवा, किंवा घराबाहेर पसरून वाळवा. आतले कप्पे कोरेच राहू द्या.

एवढं केल्यावर फडताळ स्वच्छ होईल, नवं होणार नाही. व्हायलाही नको. कडीजवळ बोटांनी झिजलेली जागा, हळदीच्या बरणीचा गोल डाग, हे मळ नव्हेत. आमच्या अम्मीच्या फडताळाच्या दाराआड दुधाचा हिशेब पेन्सिलीनं लिहिलेला आहे. तुमच्याकडे कुणा मुलाच्या उंचीच्या खुणा असतील. पॉलिश पेपर हातात घेण्याआधी दाराची आतली बाजू नीट बघा. तिथं काही लिहिलेलं सापडलं, तर तेवढी फळी घासू नका.